व्हेकन्सी: पोकळी की रिक्ती?

प्रश्न असा आहे: हिऱ्याचे सूक्ष्म कण वापरून प्रकाश आणि एमआरआय अशा दोन्ही मार्गांनी प्रतिमा घेण्याच्या संशोधनावर मराठीत लिहायचे आहे. त्यातल्या 'नायट्रोजन-व्हेकन्सी सेंटर'ला 'नायट्रोजन-पोकळी केंद्र' म्हटले तर चालेल का?

पोकळी नको, रिक्ती घ्या.

हिऱ्यात कार्बनच्या प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते. एका जागी कार्बनऐवजी नायट्रोजन बसलेला आणि त्याला लागूनची जागा मोकळी, अशी जोडी म्हणजे हे केंद्र. पोकळी म्हटले की भिंतींच्या आतली मोकळी जागा डोळ्यांपुढे येते: झाडाच्या खोडातली, छातीची, निर्वात पोकळी. इथे स्थिती कार्यालयातल्या रिक्त पदासारखी आहे. पद मंजूर आहे, माणूस नाही. आणि हे साम्य बरेच पुढे जाते. असे हिरे तयार करताना इलेक्ट्रॉनांचा मारा करून काही कार्बन अणू जागेवरून उडवतात, मग हिरा सुमारे ८०० अंश सेल्सियसला तापवतात. शेजारचा अणू रिकाम्या जागेत येतो, त्याची स्वतःची जागा रिकामी होते, तिथे तिसरा येतो. बदल्यांच्या साखळीत रिक्त पद फिरावे तशी रिक्ती सरकत जाते आणि नायट्रोजनशेजारी पोचली की तिथेच अडकते. 'पोकळी सरकली' हे कानाला खटकते, 'रिक्ती सरकली' खटकत नाही.

स्फटिकशास्त्रात याला 'दोष' म्हणतात, तो शब्द बेलाशक ठेवा. आपल्या जुन्या रत्नपरीक्षेतही हिऱ्याचे बिंदू, रेखा, काकपद असे दोष सांगितले आहेत. (काकपद म्हणजे हस्तलिखितात गळलेल्या अक्षराची जागा दाखवणारी खूणही; मला हा योग फार आवडतो.)

खरी काळजी 'केंद्र' या शब्दाची घ्यायला हवी. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात एकच हिरवा लेसर दोन कामे करतो. त्याच्यामुळे रिक्ती-केंद्र लाल प्रकाश देते आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनांचे ध्रुवणही होते, म्हणजे त्यांचे चुंबकीय रोख एकाच दिशेला वळतात. ते ध्रुवण मायक्रोवेव्हच्या साहाय्याने आसपासच्या कार्बन-१३ च्या (कार्बनचा किंचित जड प्रकार) केंद्रकांकडे, म्हणजे अणूंच्या गाभ्यांकडे, जाते. निसर्गात कार्बन-१३ जेमतेम १.१ टक्के, त्यामुळे एरवी त्याचा संकेत अगदी क्षीण. ध्रुवणाने तो एमआरआयला दिसण्याइतका वाढतो. लाल प्रकाशाने तपशील बारीक मिळतो, पण ऊतींमध्ये प्रकाश विखुरतो. तिथे खोलवरचे एमआरआय दाखवते.

म्हणजे एकाच परिच्छेदात 'केंद्र' आणि 'केंद्रक'! एक अक्षर निसटले की अर्थ बिघडला. म्हणून पहिल्यासाठी नेहमी 'रिक्ती-केंद्र' आणि दुसऱ्यासाठी 'अणुकेंद्रक' असे पूर्ण शब्द लिहा. 'ध्रुवीकरण' मात्र टाळा. ते चूक नाही, पण वर्तमानपत्रांनी त्याला राजकारणाचा अर्थ इतका चिकटवला आहे की वाचक अडखळतो. वाक्य असे होईल: 'रिक्ती-केंद्रातील इलेक्ट्रॉनांचे ध्रुवण कार्बन-१३ च्या अणुकेंद्रकांकडे संक्रमित होते.'