आधी पगाराची स्लिप वाच

भोसरी, रविवार

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. बी.कॉम. झालं, आता एम.बी.ए. आणि त्यात एच.आर., म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापन, कारण ‘मला माणसांत राहायला आवडतं’. हे वाक्य मी मुलाखतींच्या टेबलाच्या पलीकडून इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा ‘मला’ म्हणाला की पुढचं मीच मनात म्हणून टाकते. रागावू नकोस. माणसांत राहायचं तर एसटीत कंडक्टर हो, दिवसाला पाचशे माणसं भेटतील. आमच्याकडे माणसं येतात ती हातात कागद घेऊन येतात, आणि तो कागद बहुतेक वेळा आपल्याच खात्यात कुणीतरी चुकीचा भरलेला असतो.

तुला माझीच गोष्ट सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कारखान्यात उत्पादनाची नवी लाइन सुरू होणार म्हणून एका दुपारी चाळीस पोरांचे जॉइनिंग फॉर्म भरून घेतले. कँटीनच्या टेबलांवर, घाईघाईत, जो जे सांगेल ते लिहीत. त्यातल्या एका वेल्डरनं नॉमिनीच्या रकान्यात बायकोचं घरात हाक मारायचं नाव सांगितलं, मी लिहिलं आणि सही केली. अकरा वर्षांनी तो रस्त्यावर अपघातात गेला. बायको पी.एफ. आणि विम्याचे पैसे मागायला आली, तर तिच्या प्रत्येक सरकारी कागदावर लग्नानंतरचं दुसरंच नाव. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, सरपंचाचा दाखला, पुन्हा प्रतिज्ञापत्र. सात महिने ती बाई धाकट्या मुलाला कडेवर घेऊन गेटवर येत राहिली. वॉचमन तिला नावानं ओळखायला लागला होता, दोन्ही नावांनी. तेव्हा ‘ओळखपत्र दाखव’ एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट. आजही कुणाचा फॉर्म हाती आला की मी आधी नावाचं स्पेलिंग बघते.

तर तुझा पहिला प्रश्न, शिकायचं कुठे. आधी हे लक्षात घे की हा विषय आपल्याकडे अमेरिकी पुस्तकांतून आलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, करायचा, आणि त्याचा हात ओला केल्याशिवाय खात्यात उभं राहता यायचं नाही. त्या लाचेला दस्तुरी म्हणत. 1931 साली कामगारविषयक शाही आयोगानं अहवाल दिला, त्यात जॉबरच्या हातून भरती काढून घ्या आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा, असं स्पष्ट सांगितलं. आपली खुर्ची तिथून आली. 1936 साली मुंबईत टाटांची समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची टाटा समाज विज्ञान संस्था. तिथला एच.आर.चा अभ्यासक्रम अजूनही पहिल्या रांगेत धरतात, आणि त्याच्या नावात ‘लेबर रिलेशन्स’ हे शब्द आहेत हे विसरू नकोस. जमशेदपूरची एक्स.एल.आर.आय. 1949ची. तिथे जायला झॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, सिंबायोसिसला स्नॅप, आणि आपल्या विद्यापीठांच्या एम.बी.ए.ला राज्याची सीईटी.

एक नाव तुझ्या यादीत नव्हतं, ते मी घालते. परळची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था. सरकारी आहे, 1947पासूनची. तिथे मास्टर ऑफ लेबर स्टडीज करता येतं. चकचकीत कॅम्पस नाही, पण कामगार कायदा तिथे नीट शिकवतात. ज्यांचं नाव संस्थेला आहे ते लोखंडे म्हणजे रविवारची सुट्टी मिळवून देणारे. 10 जून 1890ला गिरणी मालकांनी ती मान्य केली. एम.बी.ए. एच.आर. झालेल्या पोरांना मी मुलाखतीत हे नाव विचारते. बरीचशी माझ्याकडे बघत राहतात.

अभ्यासक्रमात संघटनात्मक वर्तन, भरती, प्रशिक्षण, मूल्यमापन वगैरे सगळं येईल, ते तू पास होशीलच. जड जातात ते दोन पेपर, कामगार कायदे आणि वेतन. मुलं नेमके तेच गाइडवर काढतात. समर प्रोजेक्टचं तर बोलूच नये. ‘कर्मचारी समाधान, एक अभ्यास’, पन्नास जणांना गुगल फॉर्म, रंगीत पाय चार्ट, आणि निष्कर्ष असा की बहुतेक कर्मचारी समाधानी आहेत. तू त्या दोन महिन्यांत टाइम ऑफिसला बस. मस्टर, म्हणजे हजेरीचं रजिस्टर, कसं बंद होतं, ओव्हरटाइम कोण मंजूर करतं, ठेकेदाराच्या कामगारांचा पी.एफ. खरंच भरला जातोय की फक्त चलन दाखवलं जातंय, हे बघ.

पुढे काय काय होता येतं हेही विचारलं आहेस. भरतीत सगळ्यात जास्त जागा, आणि सगळ्यात लवकर कंटाळा. हिंजवडीत अशी किती तरी मुलं दिवसाला ऐंशी फोन करतात. सुरुवात म्हणून वाईट नाही, फक्त तिथे पाच वर्षं अडकू नकोस. प्रशिक्षण दिसायला छान, पण मंदी आली की पहिली कात्री तिथेच. वेतनरचनेचं काम करणारे थोडे असतात आणि त्यांना सहसा कुणी काढत नाही. सरकारीत जायचं तर राज्यात कामगार अधिकारी आहेत, आणि पी.एफ. कार्यालयातल्या अंमलबजावणी अधिकाऱ्याची भरती यू.पी.एस.सी.मार्फत होते.

मी रमले ती औद्योगिक संबंधांत, म्हणजे युनियनच्या समोर. तीन वर्षांचा पगारवाढीचा करार असतो, बोलणी आठ-आठ महिने चालतात. युनियनवाले म्हणतात बाई मॅनेजमेंटच्या, आणि वर साहेब म्हणतात बाई युनियनच्या. दोघंही एकाच आठवड्यात असं म्हणाले की मी समजते, बोलणी जागेवर आहेत. मुलगी म्हणून तुला हे जमेल का, असं तुझ्या काकांनी विचारलंय म्हणे. त्यांना सांग, गेट मीटिंगमध्ये माइकवरून माझ्या नावानं घोषणा देणारा युनियनचा सेक्रेटरी माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढत होता.

आता तू ज्या वेळेला येते आहेस ती वेळ मात्र बघण्यासारखी आहे. 29 जुने कायदे एकत्र करून केलेल्या चार श्रम संहिता 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झाल्या. आमच्या पिढीनं पाठ केलेलं बरंच पुसलं गेलं. कारखान्यात 500 कामगार असले की कल्याण अधिकारी लागायचा, आता 250. नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा हिशेब, म्हणजे फुल अँड फायनल, आम्ही महिना-दीड महिना आरामात लांबवायचो, आता पगाराचे पैसे दोन कामाच्या दिवसांत द्यायचे. वीस वर्षं अनुभव असलेला माणूस आणि कालचा पदवीधर, दोघंही सध्या तीच कलमं नव्यानं वाचताहेत. अशी संधी आम्हाला मिळाली नव्हती.

नुसतं वाचून हे कळत नाही, म्हणून एक हिशेब करून दाखवते. समज पगार 30,000. कंपनीनं बेसिक ठेवला 9,000 आणि उरलेले 21,000 घरभाडं, प्रवास अशा वेतनात न धरल्या जाणाऱ्या भत्त्यांत घातले. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकवर, महागाई भत्ता असेल तर तो धरून. नोकरीच्या दर वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. दहा वर्षांचे झाले 51,923. संहितांतल्या वेतनाच्या नव्या व्याख्येत असे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरची रक्कम वेतनात मिळवायची. म्हणजे 21,000तले 6,000 परत आले, वेतन 15,000, आणि ग्रॅच्युइटी 86,538. त्याच माणसाला, त्याच कामाचे 34,615 रुपये जास्त. हा आकडा मालकासमोर ठेवायला जाणारी तू असशील. तो म्हणेल, ‘दुसरा काही मार्ग बघा.’ तेव्हा तोंडावर ‘नाही’ म्हणायचं आणि सोमवारी पुन्हा त्याच केबिनमध्ये जाऊन कँटीनच्या तेलाचं बिल मंजूर करून घ्यायचं, असं ते काम आहे. माणसं आवडण्याचा प्रश्न त्यानंतर कधीतरी येतो.

मी तुला या क्षेत्रात ये असंही म्हणत नाही आणि येऊ नको असंही नाही. पुढच्या रविवारी घरी ये. येताना बाबांची गेल्या तीन महिन्यांची पगाराची स्लिप आणि त्यांच्या पी.एफ.चं पासबुक घेऊन ये. त्यांना विचारून आण, कपाटातून काढून नको. आपण दोघी बसून एकेक ओळ लावू. आणि हो, नॉमिनीच्या रकान्यात आईचं नाव कसं लिहिलंय, ते निघायच्या आधीच बघून ठेव.

तुझी,
मावशी