पावसाळ्यात मिनी ट्रॅक्टर उभा असतो तेव्हा टाकीतलं डिझेल काढून ठेवायचं की भरून? आणि डिझेल फिल्टर किती तासांनी बदलायचा?

भरून. टाकी गळ्यापर्यंत भरा आणि झाकणावर प्लास्टिक बांधा. रिकामी ठेवा म्हणून सांगणारे गावोगाव आहेत, आमच्या घरातच एक आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आम्ही देवगड तालुक्यातले. चिखलणी झाली, लावणी उरकली की ट्रॅक्टर जो मांगरात (शेतावरच्या छपरात) शिरतो तो खंडेनवमीला पूजेपुरता बाहेर निघतो, खरं काम भात कापल्यावर. म्हणजे नेमके सगळ्यात ओले महिने डिझेल नुसतं बसून. आमचा दादा मुंबईला असतो, ट्रॅक्टर त्याच्या पैशाचा (हे तो कोणाला विसरू देत नाही), मे महिन्यात आला आणि म्हणाला पंप लांब आहे, सारखे कॅन घेऊन कोण धावणार, आपण २०० लिटरचं बॅरलच भरून ठेवू. ठेवलं. कुठे, तर मांगराच्या बाहेर, पागोळीखाली, उभं. मी तेव्हाच म्हटलं होतं की आत घे नाहीतर आडवं घाल. "सील आसा त्येका, पाणी जातला खंयसून?" झालं, मोठा भाऊ, विषय बंद.

कापणीनंतर ट्रॅक्टर काढला, त्याच बॅरलमधलं डिझेल घातलं, चालू झाला आणि शेताच्या मेरेवर पोचेपर्यंत बंद. मेकॅनिक म्हणाला एअर धरलाय, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली. एअर काढला, परत तेच. मग फिल्टर खोलला तर आत काळं काहीतरी, पिकलेल्या तवशाच्या गाभ्यासारखं बुळबुळीत. पाणी तळाला बसतं आणि डिझेल त्यावर तरंगतं, तर जिथे दोन्ही एकमेकांना लागतात तिथे ही बुरशी वाढते, पाणी नसेल तर वाढत नाही. इंजिनाला डिझेल दाबाने देणाऱ्या पंपाच्या एलिमेंटवर (आतल्या दट्ट्यावर) गंज आलेला, डिझेल फवारणारी नोझल गेलेली, पंप कॅलिब्रेशनला, म्हणजे माप जुळवून घ्यायला, कणकवलीला न्यावा लागला. त्या एलिमेंटला वेगळं ऑइल नसतं हो, डिझेल हेच त्याचं वंगण, आणि फट केसापेक्षा कितीतरी बारीक, तिथे पाण्याचा थेंब गेला की काय होणार.

आता दोष कोणाचा? मेकॅनिक म्हणाला डिझेल विकणाऱ्या पंपवाल्याची भेसळ. दादा फोनवर म्हणाला भेसळच, आणि वर हे बीएस सिक्सचं (प्रदूषणाच्या नव्या नियमाचं) डिझेल आलंय तेच वाईट. अरे, बीएस सिक्समध्ये गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५०) १० वर आणलं, १ एप्रिल २०२० पासून देशभर तेच मिळतं, आणि गंधक काढल्याने वंगण कमी होतं ते रिफायनरीत अ‍ॅडिटिव्ह घालून भरून काढतात. त्याचा पाण्याशी काय संबंध? मी पंपावरून काचेच्या बाटलीत डिझेल आणून खिडकीत ठेवलं, दोन दिवसांनी पण लख्ख. मग बॅरलच्या तळाला नळी सोडून ओढलं तर आधी पाणीच आलं, मग गढूळ, मग डिझेल.

हे पाणी बंद बॅरलमध्ये जातं कसं हे मला देवगडच्या जेटीवर एका तांडेलाने (मासेमारी बोटीच्या प्रमुखाने) सांगितलं. दिवसा उन्हाने बॅरल तापतं, आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून थोडी थोडी बाहेर जाते. संध्याकाळी सर आली की बॅरल गार, आत ओढ तयार होते, आणि उभ्या बॅरलच्या वरच्या कडेच्या आत पाणी साचलेलं असतंच, ते बुचातून आत खेचलं जातं. रोज थोडं. ट्रॉलरवाल्यांना हे सगळं पाठ असतं, ते रोज सकाळी इंजिन लावायच्या आधी सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याच्या) वाटीतलं पाणी सोडतात, आम्ही शेतकरी मात्र इंजिन बंद पडल्यावर मेकॅनिकला फोन करतो.

दिवाळीला दादा आला तेव्हा मी बॅरल रिकामं करून अंगणात उन्हात उभं केलं, बूच त्यालाच पान्याने आवळायला लावलं, आणि संध्याकाळी वरच्या खोलगट भागात कपड्यांची नीळ घातलेलं पाणी ओतलं. सकाळी वर पाणी कमी. बॅरल तिरकं केलं तर बुचातून निळी धार. आई, काकी, शेजारचे सगळे बघायला. दादा काय म्हणाला? "वॉशर जुनो होतो." बरं बाबा.

तर बॅरल ठेवायचंच असेल तर छपराखाली आणि आडवं, दोन्ही बुचं एका पातळीत आणि डिझेलच्या खाली राहतील असं. म्हणजे हवा ओढायला जागाच नाही. काढताना आडवं-उभं केलंत तर एक रात्र बसू द्या आणि तळाचं चार बोटं डिझेल ओढू नका. जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा) डबा अजिबात वापरू नका, जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि त्याचा साका नोझलला बसतो. कॅन वापरा पण पाम तेलाचे पांढरे, ज्यांचं झाकण धड लागत नाही ते नकोत. नरसाळ्याला बारीक जाळी हवीच, फडकं नको, त्याचे धागे सुटतात.

लोक म्हणतात टाकीत हवेतलं बाष्प गार होऊन पाणी होतं. होतं, म्हणूनच टाकी भरलेली बरी, रिकाम्या जागेत ओली हवा राहते. पण माझं मत विचाराल तर त्याने थेंब येतात, खरं पाणी येतं झाकणातून आणि कॅनमधून. सुरू करायच्या आधी टाकीखालचा किंवा फिल्टरखालचा ड्रेन सोडून कपभर बाटलीत घ्या आणि बघा, कळेल.

फिल्टरचं राहिलंच. मॅन्युअलमध्ये जे तास आहेत त्याच्या निम्म्यावर बदला, निदान पावसाळ्यानंतर एकदा बदलाच, तास भरलेले नसले तरी. धुवून परत घालणारे मेकॅनिक असतात, त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा. आणि हो, हे सगळं साध्या पंपाच्या जुन्या पद्धतीच्या इंजिनचं सांगितलं, तुमचा कॉमन रेल (नव्या पद्धतीचं, एकाच नळीतून सगळ्या नोझलना डिझेल देणारं इंजिन) असेल तर स्वतः काही खोलू नका, तिथे दाब फार असतो. बुरशी मारायची औषधं मिळतात, पण आधी पाणी काढा, पाणी ठेवून औषध घालणं म्हणजे पैसे वाया. दादाने तेच केलं होतं, वॉशर बदलल्यावर.