श्रोत्याची समजूत तर्कात मांडताना

बोलणे ऐकून श्रोत्याची समजूत कशी बदलते, हे तर्कशास्त्रात मांडताना आपण थेट सूत्रांपासून सुरुवात केलेली दिसते. माझा सल्ला असा की, आधी चिखलाने माखलेल्या मुलांचे कोडे कागदावर सोडवावे. मुले तीन, प्रत्येकाचे कपाळ माखलेले किंवा स्वच्छ, म्हणजे एकूण ८ शक्यता; प्रत्येकाला इतरांची कपाळे दिसतात, स्वतःचे नाही. "तुमच्यापैकी किमान एकाच्या कपाळाला चिखल आहे," असे वडिलांनी सर्वांदेखत सांगताच सगळे स्वच्छ असण्याची एक शक्यता खोडावी, आणि "स्वतःचे कपाळ कसे आहे हे कुणाला कळले का?" या प्रश्नावर सगळे गप्प राहिले की एकच कपाळ माखलेले असण्याच्या आणखी ३ खोडाव्यात (तसे असते, तर इतर दोघे स्वच्छ पाहून त्या मुलाला लगेच कळले असते), उरलेल्या चारांकडे पाहिले की मौनही माहिती देते हे लक्षात येते. तर्कशास्त्रज्ञ यान प्लाझा यांनी १९८९ मध्ये मांडलेले जाहीर घोषणांचे तर्कशास्त्र, म्हणजे सर्वांदेखत केलेल्या विधानाने कोणाला काय कळते हे मांडण्याची रीत, मुळात असेच खोडकाम आहे.

"बाहेर पाऊस पडतो आहे, पण तुला ते ठाऊक नाही," हे वाक्यही तपासून पाहावे. उच्चारताना खरे असलेले हे विधान श्रोत्याने मान्य करताच खोटे ठरते. (माझा यात अख्खा आठवडा गेला होता.) श्रोत्याचा बोलणाऱ्यावर पुरता विश्वास नसेल, तर मात्र शक्यता खोडू नयेत, कोणती अधिक संभवनीय हा त्यांचा क्रम तेवढा बदलावा, कारण खोडलेली शक्यता परत आणता येत नाही, आणि माणसे तर मत फिरवतात.