रेमडेसिवीर शरीरात किती दिवस राहतं?

तुमचे दोन प्रश्न आहेत. २०२१च्या एप्रिलमध्ये नागपुरात वडिलांना कोविडसाठी रेमडेसिवीर या विषाणूरोधक इंजेक्शनचे पाच डोस दिले, ते 'प्रयोगाचं औषध' अजून अंगात साठून असेल का? आणि ते रक्तातून तासाभरात कमी होतं, तर दिवसातून एकदाच का देत होते? मी नागपुरातच औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

शिरेतून दिलेलं रेमडेसिवीर रक्तात साधारण तासाभरात निम्मं होतं, हे खरं आहे. पण त्यातलं बरंच पेशींमध्ये शिरतं. या रेणूवर मुद्दाम असं आवरण चढवलंय की तो पेशीचा पडदा सहज ओलांडतो. आत गेला की तिथली एन्झाइम्स ते आवरण कापतात आणि रेणूला तीन फॉस्फेट जोडतात. फॉस्फेटमुळे त्याच्यावर विद्युतभार येतो आणि मग त्याला सहजी बाहेर पडता येत नाही. विषाणूशी लढतं ते हेच रूप. विषाणू आपल्या आरएनएची, म्हणजे जनुकीय माहितीची, माळ ओवत असतो, तेव्हा त्यात हा खोटा मणी जातो. पुढे आणखी तीन मणी ओवले जातात आणि माळ अडते. रक्तपेशींत मोजलेलं या रूपाचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे ४३ तास आहे. म्हणून दिवसातून एक डोस पुरतो.

पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम, मग रोज १००. पेशींतली पातळी लवकर वर यावी म्हणून पहिला डोस दुप्पट. घरोघरी १०० मिलिग्रॅमच्या सहा व्हायलची चिठ्ठी हातात पडत होती, ती या हिशेबाने. त्या महिन्यात नागपूरला १० हजार व्हायल तातडीने द्या, असा आदेश उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला काढावा लागला होता. गोळी का नव्हती, असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. पोटातून घेतलं तर बहुतेक औषध यकृतातच मोडतं, पुढे पोहोचतच नाही.

आता बाहेर कसं पडतं ते. रक्तात याचा जो मुख्य तुकडा उरतो, त्याचं अर्धायुष्य साधारण २७ तास. एकूण डोसपैकी सुमारे ७४ टक्के लघवीतून आणि १८ टक्के शौचावाटे जातं. लघवीतून जातो तो मुख्यतः हाच तुकडा. जसंच्या तसं रेमडेसिवीर फक्त १० टक्के. पाच अर्धायुष्यांनंतर शरीरात तीन-चार टक्केच उरतं. म्हणजे शेवटच्या डोसनंतर रक्त पाच-सहा दिवसांत आणि पेशी नऊ-दहा दिवसांत जवळपास मोकळ्या. तुमच्या वडिलांच्या शरीरातून ते केव्हाच गेलंय. हाडात किंवा चरबीत वर्षानुवर्षं मुरून बसणारं हे औषध नाही.

'प्रयोगाचं' ही तुमची भीती मला समजते. आधी ते काँगोत इबोलाच्या रुग्णांवर तपासलं गेलं, तिथे अँटिबॉडीची औषधं सरस ठरली. आपल्याकडे जून २०२० मध्ये मिळाली ती आणीबाणीच्या वापराची परवानगी होती. पण शरीरात ते कुठे जातं, कशात बदलतं आणि कुठून निघतं, हे रक्त-लघवीचे नमुने मोजून नोंदवलेलं आहे.

किडनीबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. पावडरच्या व्हायलमध्ये दिसणारा पांढरा गोळा बहुतांशी औषध नसतोच. १०० मिलिग्रॅम रेमडेसिवीर पाण्यात विरघळावं म्हणून त्यात ३ ग्रॅम सायक्लोडेक्स्ट्रिन घातलेलं असतं, आणि ते किडनीवाटेच बाहेर जातं. म्हणून सुरुवातीला किडनी खूप कमजोर असलेल्यांना हे औषध द्यायला डॉक्टर कचरत. पुढे अभ्यास झाले आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अशा रुग्णांसाठीही ते मान्य केलं.

वडिलांना आज थकवा, सूज किंवा लघवीची तक्रार असेल, तर ती २०२१च्या इंजेक्शनवर ढकलून थांबू नका. क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्तचाचणी), साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, आणि कोविडच्या वेळची डिस्चार्ज समरी डॉक्टरांना दाखवा. त्यात स्टेरॉइडचीही नोंद असेल, ती साखरेच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे.