पहिली बोट घेताय? एचपीच्या आधी वजनकाटा काढा

नमस्कार. तुमचा प्रश्न मी समजलो तो असा : तुम्ही तिघे इंदूरचे मित्र आजवर काठावर बसून गळ टाकत आलात. आता हनुवंतियाला, म्हणजे नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या जलाशयावर, नेता येईल आणि एरवी जवळपासच्या पाण्यातही चालेल अशी पहिली बोट घ्यायची आहे. एका विक्रेत्याने बारा फुटी, सपाट तळाची फायबरची बोट दाखवून तिच्यावर १५ एचपीची मोटार बसवून देतो म्हटलंय. दुसरा सोळा फुटी बोट आणि ४० एचपी सुचवतोय. शिवाय तुमच्यातल्या एकाचा दहा वर्षांचा मुलगाही कधीमधी बरोबर येणार आहे.

माझ्या मते दोन्ही नको. चौदा फूट लांब, किमान पाच फूट रुंद, पुढून व्ही आकाराच्या तळाची ॲल्युमिनियमची बोट आणि २० एचपीची चार-स्ट्रोक मोटार, हा तुमचा मेळ आहे. पण माझा शब्द मानू नका. हा आकडा निघतो कसा ते समजून घ्या, म्हणजे उद्या तिसरा विक्रेता चौथंच काही सांगायला लागला तर तुम्हाला त्याला तिथेच थांबवता येईल.

मी स्वतः पहिली बोट चुकीची घेतली होती, म्हणून एवढ्या पोटतिडकीने लिहितोय. तीही बारा फुटी, सपाट तळाची, ५ एचपीची. लहान तलावात ती पाटासारखी स्थिर बसायची, उभं राहून रॉड फेकला तरी हलायची नाही. मग एका एप्रिलमध्ये मी, मेहुणा आणि त्याचा मित्र तीच बोट घेऊन हनुवंतियाहून पुढे बेटांकडे गेलो. सकाळी पाणी अगदी निवांत होतं. अकराच्या सुमाराला पश्चिमेचा वारा सुटला आणि परतीची वाट नेमकी वाऱ्याच्या तोंडावर आली. सपाट तळ प्रत्येक लाटेवर धाडकन आपटत होता, पुढून पाणी आत येत होतं. मेहुण्याने पोह्यांचा स्टीलचा डबा रिकामा करून त्याने पाणी उपसायला घेतलं ते काठ येईपर्यंत थांबला नाही. जाताना पंचवीस मिनिटं लागली होती, येताना पावणेदोन तास. उतरलो तेव्हा टाकीत बोटभर पेट्रोल उरलं होतं.

इंदिरा सागर पूर्ण भरला की पाणी नऊशे चौरस किलोमीटरच्या वर पसरतं. एवढ्या उघड्या पाण्यावर वाऱ्याला धावायला लांब मैदान मिळतं आणि तासाभरात लाट उठते. म्हणून बोट सकाळच्या शांत पाण्यासाठी घेऊ नका, दुपारच्या वाऱ्यासाठी घ्या. व्ही तळ लाट कापतो, सपाट तळ लाटेवर आपटतो. व्ही तळाची बोट उभी असताना थोडी जास्त डुलते हे खरं, पण पाच फूट रुंदी असेल तर आठवडाभरात सवय होते.

आता माणसं किती? एका सलग तळाच्या लहान बोटींसाठी जगभर एक साधा हिशोब चालतो : लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. तुम्हाला दाखवलेली बोट बारा बाय चार असेल तर ४८ भागिले १५, म्हणजे तीन माणसं. तिथेच ती भरली. मुलाला जागाच नाही. चौदा बाय पाच असेल तर ७० भागिले १५, म्हणजे चार. हा आकडा चांगल्या हवेतला आहे, मोठ्या पाण्यावर मी नेहमी एक माणूस कमी धरतो. मुलगा येईल त्या दिवशी तुमच्यातल्या एकाने काठावर थांबावं, असं आत्ताच ठरवून टाका. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून शाळेची १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. ते पाणी काही समुद्राचं नव्हतं, शहरातला तलाव होता. मुलाचं जॅकेट त्याच्या मापाचं घ्या, मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निघून जातं.

मोटारीकडे येतो. इथे आधी घरचा वजनकाटा बाहेर काढा. मी दुसऱ्या बोटीच्या वेळी ओसरीवर काटा ठेवून एकेक वस्तू खरोखर तोलली होती. तुमच्यासाठी अंदाजे मांडतो : बोट ११०, मोटार ५०, पंचवीस लिटर पेट्रोल टाकीसकट २२, बॅटरी ३०, छोटी इलेक्ट्रिक मोटार १२, नांगर आणि दोर १२, तुम्ही तिघे २२५, आणि रॉड, बर्फाचा डबा, पाणी, जेवण मिळून ४०. बेरीज पाचशे किलोच्या घरात जाते. बोटीने पाणी ढकलत न जाता पाण्याच्या वर चढून धावावं असं वाटत असेल, तर एका एचपीमागे साधारण २५ किलोच्या आत राहावं लागतं. पाचशेला २० ने भागलं की बरोबर २५. १५ एचपीवर तेच ३३ होतात. म्हणजे नाक वर, बूड खाली, पेट्रोल जळतंय आणि बोट धापा टाकतेय. गंमत अशी की बऱ्याच कंपन्यांच्या १५ आणि २० एचपीच्या मोटारी एकाच इंजिनावर बेतलेल्या असतात आणि त्यांचं वजनही सारखंच भरतं. पाच एचपी वाढतात ते मागच्या फळीवर किलोभरही न वाढवता.

वरची मर्यादाही मोजता येते, आणि बारा फुटी बोटीवर १५ एचपी हा सल्ला धोक्याचा का ते त्यातूनच दिसतं. अमेरिकी तटरक्षक दलाच्या नियमात बोटीची लांबी आणि मागच्या उभ्या फळीची, म्हणजे ट्रान्समची, रुंदी यांचा गुणाकार घेतात. बारा फूट गुणिले साडेतीन म्हणजे ४२. या आकड्याला जास्तीत जास्त साडेसात एचपी, आणि तळ सपाट, कडा टोकदार असतील तर एक पायरी खाली, म्हणजे पाच. विक्रेता तिप्पट सांगतोय. हलक्या बोटीच्या बुडावर एवढं वजन आणि एवढा जोर आला, की थ्रॉटल एकदम पिळताच नाक वर उठतं आणि बोट मागे किंवा बाजूला कलंडते. चौदा फूट गुणिले साडेचार म्हणजे ६३. हाताने दांडा धरून चालवायच्या व्ही तळाच्या बोटीसाठी याला ०.८ ने गुणून त्यातून २५ वजा करतात : २५.४, म्हणजे पुढच्या पाचाच्या पटीत ३०. तुमचे २० त्याच्या आत आरामात बसतात. ही कमाल मर्यादा आहे, ती गाठायलाच हवी असं नाही.

सोळा फुटीला नाही का म्हणतोय, तर काठामुळे. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, उतार संपतो आणि पुढे चिखल असतो. एकशेदहा किलोची बोट तिघं मिळून ओढून नेतात. सोळा फुटी बोट चाळीस एचपीच्या मोटारीसकट त्या चिखलातून तिघांना हलत नाही. शिवाय ती ट्रेलरवर लादून सिमरोल, भैरव घाट, बडवाह, सनावद असा रस्ता दर वेळी करायचा आहे.

पैसे देण्याआधी टेप घेऊन जा. ट्रान्समच्या वरच्या कडेच्या मध्यापासून तळापर्यंत सरळ खाली मोजा. पंधरा इंच भरले तर आखूड शाफ्टची, म्हणजे पाण्यात उतरणारा खांब आखूड असलेली मोटार, वीस भरले तर लांब शाफ्टची. मोटार लटकवल्यावर पाण्यातल्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर जी आडवी पट्टी असते, ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली यायला हवी. पट्टी वर राहिली तर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि बोट जागची हलत नाही. फार खाली गेली तर पाणी अडतं आणि पंखा पाण्याखालच्या झाडांच्या खुंटांना लागतो.

खुंटांचं मात्र नीट ऐका, कारण हे आपल्या पाण्याचं खास आहे. या धरणाची पूर्ण पातळी २६२.१३ मीटर आणि किमान पातळी २४३.२३ मीटर. म्हणजे पाणी जवळजवळ १९ मीटर खाली जाऊ शकतं. २००४ मध्ये हरसूद आणि आसपासची गावं रिकामी झाली, शेतं, झाडं, भिंती पाण्याखाली गेल्या. ऑक्टोबरमध्ये ज्या झाडावरून तुम्ही पूर्ण वेगाने गेलात, त्याचा शेंडा मे महिन्यात वीतभर पाण्याखाली असतो आणि वरून काहीच दिसत नाही. दिवाळीतली वाट उन्हाळ्यात जशीच्या तशी धरू नका. काही जण मोटार उसळू नये म्हणून दोरीने बांधून ठेवतात, तसं अजिबात करू नका. खुंटाला लागल्यावर मोटार वर उसळली तरच गिअर वाचतो. जास्तीचा पंखा, त्याचा नट, पिन आणि पक्कड बोटीत कायम असू द्या. आणि मोटारीची लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवलेलीच हवी : माणूस पडला की इंजिन बंद.

पहिल्या फेरीत तिघांना आणि सगळं सामान घेऊन पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे फेरे बघा. बहुतेक चार-स्ट्रोकना मिनिटाला ५००० ते ६००० सांगितलेले असतात. कमी पडले तर एक इंच कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात थोडं कमी पुढे सरकणारा पंखा बसवा, साधारण दोनशे फेरे वाढतात. मोटारीच्या मागून पाण्याची बारीक धार सुटते का तेही दर वेळी बघायचं. धार बारीक झाली की आतला रबरी इम्पेलर (थंड ठेवणारं पाणी ओढणारं चाक) झिजलाय किंवा गाळ अडकलाय असं समजा, लगेच बंद करा.

पेट्रोलचा नियम तिसऱ्या हिश्शाचा : एक हिस्सा जायला, एक यायला, एक वाऱ्यासाठी. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, तेव्हा मोटार दोन महिने उभी राहील. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ठेवण्याआधी टाकीची नळी काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो.

जवळपासच्या पाण्याबद्दल : इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव २०२२ पासून रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत, यशवंत सागरचं पाणी तर आपण पितो. तिथे पेट्रोलची मोटार नेण्याचा विचारही नको. भोपाळच्या मोठ्या तलावावर राष्ट्रीय हरित लवादाने २०२३ मध्ये मोटारबोटींना मनाई केली होती, त्यामुळे कोणत्याही पाण्यासाठी लेखी परवानगी हातात आल्याशिवाय बोटीची आगाऊ रक्कम देऊ नका. मोठ्या जलाशयांतली मासेमारी मत्स्य महासंघ बघतो, त्यांच्याकडे आधी जा. मोटार लावलेल्या बोटीच्या नोंदणीचंही विचारा, २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली ती येते.

इलेक्ट्रिक मोटार मी वजनात धरली आहे ती हळूहळू सरकत मासा शोधायला. ५५ पाउंड जोराची, १२ व्होल्टची पुरेल. पूर्ण जोरावर ती पन्नासेक अँपिअर खाते, म्हणजे शंभर अँपिअर-अवरची साधी बॅटरी निम्मीच वापरायची धरली तर तासभर. हळू चालवली तर सकाळ निघते. वल्ही तरीही हवीतच, दोन.

रविवारी बोट बघायला जाल तेव्हा तीन मापं घेऊन या : मधली रुंदी, ट्रान्समची रुंदी आणि ट्रान्समची उंची. ती इथे लिहा, शाफ्ट आणि पंखा मी सांगतो.