टॅबचं बटण अडवू नका : व्हिममधल्या शॉर्टकटविषयी प्रश्नोत्तरे

सत्र सुरू झालं की नांदेड, परभणी, लातूरकडून एकच तक्रार येते : 'शॉर्टकट टाकला आणि एडिटर बिघडला.' एडिटर बिघडलेला नसतो. म्हणून आज फक्त व्हिम (प्रोग्रॅम आणि मजकूर लिहायचा एडिटर) आणि त्यात फाईलचं नाव पूर्ण करणारी बटणं.

लिहिता लिहिता फाईलचं नाव पूर्ण करायला काय दाबावं? (विद्यार्थिनी, परभणी)

इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे मजकूर टाईप करताना, कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-एफ.

मित्राच्या सांगण्यावरून हेच काम टॅबवर लावलं. आता मेकफाईल (प्रोग्रॅम तयार करायच्या कमांडची फाईल) 'मिसिंग सेपरेटर' म्हणते. (विद्यार्थी, लातूर)

म्हणणारच! मेकफाईलमध्ये कमांडच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते. तुम्ही टॅब दाबता तेव्हा व्हिम फाईलींची नावं पुढे करतं, टॅब उमटतच नाही. मग तुम्ही स्पेस मारून वेळ भागवता. 'मित्राकडे चालतं' हे कारण मी दर वर्षी ऐकतो. मित्र मेकफाईल लिहितो का, हे कुणी विचारत नाही. कंट्रोल-आय लावून पळवाट काढाल तर तीही बंद आहे, कारण टर्मिनलला (व्हिम ज्या कमांडच्या खिडकीत चालतं तिला) कंट्रोल-आय आणि टॅब एकच दिसतात. बटण बांधण्याआधी, म्हणजे त्याला नवं काम जोडण्याआधी, व्हिममध्ये 'व्हर्बोज आयमॅप' ही कमांड लिहून त्यापुढे ते बटण द्या. ते आधीच कुणी बांधलं असेल तर कुठल्या फाईलमधून, तेही कळतं. बटणाचं मूळचं काम हेल्पमधल्या 'इन्सर्ट-इंडेक्स'मध्ये बघा. एकच बटण हवं असेल तर कंट्रोल-एफ घ्या, आणि ते बांधायला 'आयमॅप' नव्हे, 'आयनोरीमॅप' ही कमांड वापरा. साधा आयमॅप दुसऱ्या कुणी बदललेला अर्थही ओढून आणतो. तरी सी किंवा तशा भाषेत लिहीत असाल तर कंट्रोल-एफ इंडेंटसाठी (ओळ नीट आत सरकवायला) लागतं; आधी लॅबमधल्या सरांना विचारा.

कंट्रोल-एसवर लावलं तर स्क्रीन थिजते. (बीड)

कंट्रोल-क्यू दाबा, सुटेल. थांबवतं ते टर्मिनल, व्हिम नव्हे. दुसरं बटण निवडा.

फाईल समोर आहे, तरी 'पॅटर्न नॉट फाउंड' येतं. (जालना)

व्हिम चालू डिरेक्टरीपासून शोधतं, उघडलेल्या फाईलच्या फोल्डरपासून नाही. ती कुठली, ते 'पीडब्ल्यूडी' कमांड देऊन बघा. 'ऑटोसीएचडीआयआर' या सेटिंगने हे बदलतं, पण काही प्लगइन (व्हिमला वरून जोडलेली जादा साधनं) त्यामुळे अडतात. प्लगइन वापरत असाल तर जाणकाराला दाखवूनच लावा. नावात स्पेस असेल, 'पीकविमा यादी'सारखं, तरीही गाडी तिथेच अडते. तिथे अंडरस्कोर घाला.

एक क्लासवाले तयार व्हिमआरसी (व्हिमच्या सेटिंगची फाईल) विकतात. घ्यावी का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. १९९१ पासून व्हिम फुकट मिळतं, हेल्पही त्याच्यासोबतच येते. पैसे द्यायचेच असतील तर व्हिमच्या परवान्यात युगांडातल्या गरजू मुलांसाठी मदतीचं आवाहन आहे, तिथे द्या. आणि व्हिमआरसी ही नुसती आवडीनिवडीची यादी नसते, तिच्यातून तुमच्या मशीनवर कुठलीही कमांड चालवता येते. आधीच घेतली असेल तर आज व्हिम उघडू नका. ती फाईल सरांसमोर ओळ न ओळ वाचा.