पाणी कुठून बंद करायचं? वाचक विचारतात

प्रश्न : आमचं घर सासऱ्यांनी बांधलं, मग दिरांनी संडास-बाथरूम वाढवलं, फरशी बदलली, आता कोणता पाइप कुठून गेला हे घरात कोणालेच माहीत नाही. मागच्या हप्त्यात बाथरूमच्या भिंतीला आधी ओल आली आणि मग एकदम धारच लागली. मी आंगणातला नळाचा कॉक बंद केला तरी पाणी चालूच. गुंड-बकेट लावून लावून थकलो, स्लॅबवरची टाकी खाली झाली तेव्हाच ते थांबलं. मिस्त्री तालुक्याचा, तो दुसऱ्या दिवशी उगवला. मेन वॉल नेमका असते तरी कुठं?
— एक ताई, दर्यापूर तालुका

उत्तर : ताई, टाकी खाली झाली तेव्हा पाणी थांबलं हे तुम्हीच लिहिलं, त्यातच सारं आलं. फुटलेल्या पाइपात पाणी होतं टाकीचं आणि तुम्ही बंद केला ग्रामपंचायतच्या नळाचा कॉक, तो बिचारा काय थांबवणार! साऱ्या घराचं पाणी बंद करणारा एकच मेन वॉल आपल्या खेड्यातल्या घरात सहसा नसतोच. आपल्या एका घरात दोन-तीन पाणी असतात. ग्रामपंचायतचं नळाचं, जे ठरलेल्या टायमाला येते आणि आंगणातल्या टाक्यात पडते, मग बोअरचं नाहीतर विहिरीचं, जे मोटर लावली की वर चढते, आणि स्लॅबवरच्या टाकीचं, जे चोवीस तास पाइपात भरून उभं असते. तिघांचे कॉक तीन जागी. म्हणून पाइप फुटला की धावत सुटायच्या आधी हे पाहा की पाणी कोणतं आहे. नळ आला तेव्हाच गळते का, मोटर चालू केली की धार वाढते का, का कधीही पाहा तशीच चालू आहे? कधीही चालू असेल तर टाकीचं समजा आणि सरळ जिना चढा. मोटरचं बटन मात्र जाता जाता बंद करून जा, नाहीतर इकडून तुम्ही थांबवून राहिले आणि तिकडून मोटर भरून राहिली असं होते. गिझर असेल तर त्याचाही स्विच बंद, आणि ओली झालेली भिंत बोर्डाची असेल तर त्या बोर्डाला हात न लावता घराचा मेन स्विचच पाडा.

वर गेलं की टाकीच्या बुडाशी पाहा. झाकणाजवळ शिरतो तो पाइप भरायचा, त्याच्याच आसपास तोंड बाहेर काढून असतो तो ओव्हरफ्लोचा, आणि तळापासून चार बोटं वर निघतो तो घरात उतरणारा. वॉल याच्यावर असतो. पुढं याला फाटे फुटतात, एक स्वयंपाकघराकडे, एक बाथरूमकडे, एक कोठ्यातल्या ढोरांच्या हौदाकडे, आणि चांगल्या मिस्त्रीनं काम केलं असेल तर प्रत्येक फाट्यावर वेगळा वॉल दिलेला असतो. पण कोणता कुठला हे काही तो लिहून जात नाही. ते काम एखाद्या फुरसतीच्या दुपारी तुम्हीच करा. पोराला खाली नळ सोडून उभं करा, वरून एकेक वॉल बंद करत जा, आणि हो, वॉल बंद केल्यावरही पाइपात उरलेलं पाणी थोडा वेळ येतच राहते, तेव्हा घाई करू नका. खालून “बंद झालं” अशी हाक आली की त्या वॉलजवळ ऑइल पेंटनं मोठ्या अक्षरात लिहून टाका, बाथरूम, किचन, कोठा. मार्करनं लिहू नका, आपल्याकडच्या एका उन्हाळ्यात ते उडून जाते.

दांडीचा वॉल असेल तर काम सोपं, दांडी पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी केली म्हणजे बंद, पाव फेऱ्यात खेळ संपला. गोल चाकाचा असेल तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं बऱ्याच वेळा फिरवावा लागते. आणि इथं खरी गोम आहे ताई, तुमचा दर्यापूर तालुका खारपाणपट्ट्यातला. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीतलंच पाणी खारं. असं पाणी टाकीत चढवत असाल तर वर्षानुवर्षं न फिरवलेल्या चाकाच्या वॉलमध्ये क्षार बसतात, चाकाखालचा फिरणारा दांडा गंजतो, आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी तो हलत नाही. मग माणूस पान्हा लावून जोर मारतो आणि दांडा तुटून हातात येतो. तसं करू नका. थोडा बंद, थोडा चालू, पुन्हा थोडा बंद, असं दोन्हीकडे हळूहळू खेळवा, दांड्यावर दोन थेंब तेल सोडा आणि थोडं थांबून पुन्हा पाहा. तरी नाहीच ऐकला तर त्याला सोडा.

मग पाणी कसं थांबवायचं? टाकीचं झाकण उघडा, लाकडाच्या खुंटीला कापड घट्ट गुंडाळा, काठीच्या टोकाला बांधा आणि आतून त्या निघणाऱ्या पाइपाच्या तोंडात दाबा. पाण्याचा दाबच तिला धरून ठेवते. नुसता कापडाचा बोळा कोंबू नका, तो पाइपात ओढला गेला तर मिस्त्रीचं काम दुप्पट होते. आणि कोणीही टाकीत उतरायचं नाही, पोरंसोरं तर बिलकुल नाही.

मिस्त्री आता भिंत फोडून पाइप बदलणारच आहे तर त्याच खेपेला त्याला सांगा, टाकीखालचा जुना वॉल काढ, दांडीचा बसव, आणि त्याच्या दोन्ही बाजूला युनियन दे. युनियन म्हणजे आट्याचा जोड, पुढच्या वेळी वॉल खराब झाला तर पाइप कापावा लागत नाही, जोड खोलला आणि वॉल बदलला. बाथरूमच्या आतही भिंतीत एक कॉक बसवून घ्या म्हणजे तेवढंच बंद करता येते, स्वयंपाक अडत नाही. युनियनचा खर्च एवढासा, पण मिस्त्री लोक मागितल्याशिवाय देत नाहीत, का देत नाहीत ते तुम्ही समजून घ्या.

आणि एक हिशोब. जल जीवन मिशन २०१९ च्या १५ ऑगस्टला जाहीर झालं, त्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. तुमची टाकी १००० लिटरची असेल तर त्या एका खेपेत १८ माणसांचं दिवसभराचं पाणी मोरीत गेलं.

प्रश्न : आमच्या दारातल्या नळाची तोटीच तुटली. नळ आला की तासभर पाणी नालीत वाहते, शेजारी बोलून राहिले. रस्त्यावरून आमचा पाइप जिथून निघतो तिथं खोदून बंद करू का?
— एक कास्तकार, आर्वी तालुका

उत्तर : नका खोदू दादा. रस्त्याखालच्या मोठ्या लाइनला तुमचा पाइप जिथं जोडला तिथं फेरूल, म्हणजे जोडणीचा तुकडा, असते, ती ग्रामपंचायतची, तिला आपण हात लावला आणि सब्बल मोठ्या लाइनला लागली तर सारी आळी पाण्यावाचून. पाणी सोडणाऱ्या माणसाला फोन करा, तो तुमच्या बाजूचा वॉल बंद ठेवून तोटी बदलायला अर्धा तास देऊ शकते. त्याहून सोपं म्हणजे नळ जायची वाट पाहा, लाइन रिकामी असताना जुनी तोटी खोला, आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळा, नवी बसवा. तुमच्याकडे पाणी ठरलेल्या वेळेलाच येते हा इथं फायदाच आहे.

तोपर्यंत धार थांबवायची असेल आणि जोडणीचा पाइप नव्या योजनेतला मऊ, वाकणारा असेल तर तो दुमडून सुतळीनं घट्ट बांधा, मात्र दुमडलेला तुकडा नंतर कापून टाका कारण तो तिथूनच चिरते. पांढरा कडक पीव्हीसी असेल तर हे करू नका, कडकन तुटेल.

आणि आता तोटी बदलूनच राहिले तर कुंपणाच्या आत, पाइप तुमच्या हद्दीत शिरला की लगेच एक दांडीचा वॉल टाका, वरून विटांचा छोटा चेंबर आणि झाकण. नालीच्या आत नका टाकू बाप्पा, नालीच्या अलीकडे टाका. कित्येक गावात पाइप नालीतूनच जातात आणि नळ बंद असला की फुटक्या जागेतून घाण आत शिरते, त्यात कोणी लाइनला मोटर लावली असेल तर ती ओढूनच घेते. पावसाळ्यात गावात हगवण सुरू झाली की बोट टाकीकडे दाखवतात, भोक असते नालीत. दुरुस्ती झाली की पहिलं पाणी सोडून द्या आणि त्या दिवशी प्यायचं उकळून घ्या.

प्रश्न : टाकीखालचा चाकाचा वॉल पूर्ण बंद केला तरी चाकाच्या खालून थेंब थेंब गळते. बदलूनच टाकू का?
— मूल तालुका

उत्तर : लगेच नका बदलू. चाकाच्या खाली दांड्याभोवती एक नट दिसेल, तो पान्ह्यानं अर्धा फेरा कसून पाहा, बहुतेक तिथंच थांबते. नाही थांबलं तर आतलं पॅकिंग गेलं, ते गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते. वॉल बंद करूनही नळातून पाणी चालूच असेल तर मात्र आतलं पातं झिजलं, तो बदलावाच लागते.

प्रश्न : आम्ही सारे पंधरा दिवस पंढरपूर, तुळजापूर करून येणार. घराला कुलूप. पाण्याचं काय काय बंद करून जाऊ?
— पुसद तालुका

उत्तर : आंगणातला नळाचा कॉक, टाकीखालचे सारे वॉल, आणि मोटरचा स्विच. नळाचा कॉक बंद करायचा कारण टाक्यातला फ्लोट, म्हणजे टाकं भरलं की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, अटकला तर तुम्ही दर्शनाच्या लाइनीत आणि इकडे आंगणात तळं. पण तुमच्या भागात खरी भीती वानरांची. ते टाकीचं झाकण उडवतात, ओव्हरफ्लोच्या पाइपाला लोंबकळतात आणि उन्हानं कडक झालेला पीव्हीसी एका झटक्यात मोडतात. झाकण तारेनं बांधा, उघडे पाइप स्लॅबला क्लॅम्पनं घट्ट करा. टाकी अर्धीच भरून ठेवली तरी चालते, मोडलंच काही तर नुकसान अर्ध्यावर येते.

ढोरं घरीच ठेवून जात असाल तर कोठ्याच्या हौदाचा वॉल तेवढा चालू ठेवा, आणि पाहायला येणाऱ्या शेजाऱ्याला कुलपाच्या चाबीसोबत मोटरचं बटन आणि तो वॉल कोणता आहे हेही दाखवून जा.